तासाभराच्या भाषणाने नववीतली मुलगी कुठे पोचते?

वसुधा_नि
काल इथे एकीने लिहिलं: "आमच्या कंपनीतल्या महिला इंजिनिअर पालिकेच्या शाळेत जाऊन तासभर बोलल्या. यशस्वी बाई समोर दिसली की मुलींना वाट आपोआप सापडते." त्यातल्या 'आपोआप'वर माझा आक्षेप आहे, आणि तो दोन ओळींत मावणारा नाही.

मुली ठरावीक ठिकाणी गळतात. सातवी-आठवीला गावातली शाळा संपते, पुढची लांब असते. नववीत बीजगणित हातातून निसटतं. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलं की पहिल्याच महिन्यात भाषा अडते. तिथे भाषण पोचत नाही. करायचंच असेल तर मार्गदर्शन करायला येणाऱ्या एका ताईकडे तीन-चार मुली, नववीच्या जूनपासून अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंत. पंधरा दिवसांतून दीड तास, शाळेतच, वर्गशिक्षिकेच्या समोर. गटामागे दोन ताया हव्यात. मार्चअखेर आली की नोकरदार बाईच्या भेटी हमखास चुकतात आणि मुलीला वाटतं, आपलंच काही चुकलं.

शब्दांची वही तर हवीच. डाव्या पानावर चाल, वेग, त्वरण, रोध; उजव्या पानावर स्पीड, व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, रेझिस्टन्स. आठवड्याला दहा शब्द, आणि प्रत्येकाचं उदाहरण मुलीने स्वतः लिहायचं. नुसती पाठ केलेली यादी पहिल्या चाचणीतच कोसळते.

पाचवा_तास
दोन वर्षांची अट घातलीत की शंभर तायांतल्या पाच जणी येतील, आणि बाकीच्या शाळांच्या वाट्याला काहीच येणार नाही. तासभर फुकट जातो तो विषय चुकल्यामुळे. स्वतःचा पगार आणि परदेशवारी सांगण्यापेक्षा दहावीनंतर नेमकं कुठे जायचं, किती वर्षं लागतात, कोणता फॉर्म कधी निघतो, एवढं फळ्यावर लिहा.

आणि दर वेळी इंजिनिअरच का? आयटीआयत 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यातून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इलेक्ट्रिशियन, लॅब टेक्निशियन, नर्स अशा बायका शाळेत आणा. ती वाट मुलीच्या घरातून दिसते.

दाखला_प्रथम
दोघांनीही मूळ दुखण्याला हात लावलेला नाही. कागद!

उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो. जानेवारीत काढलेला जूनच्या प्रवेशाला चालत नाही, आणि निकालाच्या आठवड्यात सेतूत, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी केंद्रात, उभं राहायला जागा नसते. तो एप्रिलमध्येच काढायचा.

आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्नाची मर्यादा 3.5 लाख, नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. मुलगी पास होते आणि पैसे येत नाहीत. कारण बँकेत आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारशी खातं मॅप होणं वेगळं. मॅपिंग ज्या खात्याला असेल तिथेच पैसे जातात, मग फॉर्मवर दुसरं कुठलंही खातं लिहा.

सगळ्यात अवघड काम जात पडताळणीचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीकडून प्रमाणपत्र मिळवण्याचं. इंजिनिअरिंगला आरक्षित जागा हवी तर प्रकरण बारावी सायन्समध्येच कॉलेजमार्फत दाखल व्हायला हवं. पुरावा वडिलांच्या बाजूचा आणि मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेआधीचा: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. कुटुंब पुण्यात, आजोबा लातूरचे, तर कागद लातूरला. वडील घर सोडून गेलेले असले तर आईने चुलत सासऱ्याच्या शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतली नोंद) मागायला कुणाच्या दारात उभं राहायचं?

पाचवा_तास
हे शाळेच्या क्लार्कचं आणि कॉलेजच्या कार्यालयाचं काम आहे. सॉफ्टवेअरमधल्या बाईला तहसीलच्या रांगेत उभी करून काय साधणार? प्रत्येक धागा तुम्ही दाखल्यांवर नेता.

दाखला_प्रथम
नेतो, कारण मुली तिथेच अडतात! रांगेत ताईने उभं राहायचं नाहीये. नववीत एका दुपारी शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची मूळ नोंदवही), आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षरशः जुळवायची. एकात 'वैष्णवी', दुसऱ्यात 'वैश्णवी' असेल तर शाळेत असतानाच दुरुस्ती करून घ्यायची. दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेला की तीच चूक गुणपत्रिकेवर छापून येते, आणि शाळा सोडल्यावर दुरुस्तीला महिने जातात. या कामाला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, पण कागद नीट वाचण्याची सवय लागते. ती या इंजिनिअर बायकांना आहे, मुलीच्या आईला कुणी दिलेली नाही.

रेवा_७
फीमाफीचंही सांगा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, हवा. घाबरून व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. आणि वसतिगृह, मेस यात धरलेलं नाही. 'सगळं फुकट' असं कुणी मुलीला सांगू नये, पहिल्याच महिन्यात घरी परत जावं लागतं.

अजून एक. मुलीला थेट फोनवर मेसेज नको. फोन बहुतेक वेळा वडिलांचा किंवा भावाचा असतो, उत्तर तेच वाचतात. ग्रुपमध्ये आई आणि शिक्षिका दोघी हव्यात, पालकांची लेखी संमती हवी. आणि तुम्ही बदली होऊन जाणार असाल तर ते दोन महिने आधी मुलीला समोर बसवून सांगा.

पाचवा_तास
रजिस्टर जुळवण्याचं मान्य. ते एका दुपारचं काम आहे, एकदा येणारीलाही जमेल. दोन वर्षांची सक्ती मला अजूनही मान्य नाही.

वसुधा_नि
मग एकदाच येणारीने रजिस्टर जुळवावं, भाषण नको. पण नववीचं बीजगणित एका दुपारी होत नाही, तिथे मी मागे हटणार नाही. दाखला_प्रथम, पडताळणीच्या कागदांची क्रमवार यादी टाका. येत्या जूनमध्ये नववीच्या वर्गात लावायची आहे.