डीव्हीडीच्या खाचा उमटवल्या, तरी प्रकाश एका कोनात का येत नाही?

जळगावकर: डीव्हीडीवरून पीडीएमएसचा (सिलिकॉन रबराचा) साचा घेतला आणि काचेवरच्या पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) फिल्मवर गरम करून दाबला. फिल्ममध्ये नाइल रेड हा चमकणारा रंग आहे. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने फिल्म छान चमकते, पण उजेड चहूकडे सारखाच. काय चुकतंय?

धुळे_ऑप्टिक्स: भाऊ, साचा ठीक आहे, पॉलिमर बदला. पीएमएमएचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.४९, काचेचा १.५२; फिल्मचा काचेपेक्षा जास्त हवा. प्रकाश फिल्ममध्ये कोंडलाच जात नाही, काचेत गळतो. मग खाचा बाहेर काय काढणार? टोल्युइन या द्रावकात विरघळवलेलं पॉलिस्टायरीन (अपवर्तनांक १.५९) घ्या. जाडी ४०० नॅनोमीटरच्या आसपास ठेवा. साधारण २२० च्या खाली एकही मोड (फिल्ममध्ये कोंडून प्रकाश पुढे जाण्याची रीत) टिकत नाही.

भुसावळ_लॅब: कोन आधीच काढता येतो: साइन थीटा (थीटा म्हणजे सरळ वरच्या दिशेपासूनचा कोन) = परिणामी अपवर्तनांक (कोंडलेल्या प्रकाशाला जाणवणारा, इथे १.५४) वजा (तरंगलांबी ÷ खाचांतलं अंतर). ५७० नॅनोमीटर तरंगलांबीला डीव्हीडीच्या ७४० नॅनोमीटर अंतरावर १.५४ − ०.७७, म्हणजे सुमारे ५० अंश. प्रकाश सरळ वर हवा असेल तर खाचांतलं अंतर ३७० लागेल. ब्लू-रेच्या ३२० वर उलट दिशेला १४ अंश मिळतात, पण तिचा ०.१ मिमीचा वरचा थर आधी सोलावा लागतो.

जळगावकर: आणि फिल्मवर रेघा पडतात त्या?

धुळे_ऑप्टिक्स: आपल्याकडच्या मे महिन्यात टोल्युइन फार झपाट्याने उडतं. कोटिंग पहाटे करा, द्रावण टाकल्याबरोबर स्पिनर (काच गरगर फिरवून थर पसरवणारं यंत्र) सुरू करा. साचा १२० अंश सेल्सिअसवर दाबा आणि ६० च्या खाली आल्यावरच उचला, नाहीतर खाचा बुजतात.