मदत हवी आहे: असईच्या लढाईसाठी पायदळ लवकर कसं रंगवावं?

नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईसाठी इंग्रज सेनापती वेलस्लीची ७८वी हायलँडर्स पलटण रंगवतोय, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळासाठी २८ मिमी उंचीचे छोटे शिपाई. आधी पांढरा प्रायमर, मग लाल कोट, शेवटी सगळ्यावर तपकिरी वॉश (घड्यांमध्ये साचून सावली देणारा पातळ रंग). कोट सुंदर दिसतो, पण छातीवरचे पांढरे पट्टे मळकट होतात आणि ते पुन्हा रंगवण्यातच निम्मा वेळ जातो. वॉश टाळून लाल कॉन्ट्रास्ट रंग (एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारा) वापरला तर घड्यांमध्ये सावली पुरेशी उठते का? चेहऱ्यांवर मी फार वेळ घालवत नाही, टेबलावर तेवढं पुरतं.

शिवाय पावसाळी दमट हवेत मॅट व्हार्निशचा स्प्रे पांढुरका पडतो. ब्रशने लावायचं कोणतं चांगलं? यानंतर शिंद्यांचे कंपू (कवायती फौजेच्या तुकड्या) करायचे आहेत. ते घाईतही देखणेच व्हायला हवेत!