मदत हवी आहे: कार्यकारिणीची निवडणूक लढवायची आहे, मतदारयादीत नावच नाही, सोमवारी शेवटची तारीख

रानहळद
तातडीचं आहे म्हणून थेट लिहिते. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक लागली आहे. सात जागा. मी उभं राहायचं ठरवलं, सूचक-अनुमोदकांच्या सह्याही घेतल्या आणि आज पाहते तर मतदारयादीत माझंच नाव नाही. निवडणूक अधिकाऱ्यांना फोन केला, तर म्हणाले, "यादी सचिवांकडून आली, मी त्यात काय करणार?" सोमवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते. शिवाय अर्जासोबत दोनशे शब्दांचं निवेदन द्यायचं आहे, तेही सुचत नाहीये. कोणी अशी निवडणूक लढवली असेल तर कृपया लगेच सांगा.

केदार७७
उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. आमच्या सोसायटीत अगदी हेच झालं होतं. देखभाल शुल्क थकल्याचं दाखवून चार जणांना यादीतून वगळलं होतं. पार्किंगचा वाद होता खरा तर.

रानहळद
गृहनिर्माण संस्था नाही हो. वनस्पतिशास्त्राची वैज्ञानिक संस्था आहे, अखिल भारतीय. नाव इथे लिहीत नाही. प्राध्यापक आणि संशोधक सभासद आहेत.

जुना_विश्वस्त
ताई, तीन गोष्टी सांगा, मग उत्तर देता येईल. संस्थेची नोंदणी कुठे आहे? तुम्ही वार्षिक सभासद की आजीव? आणि वर्गणी शेवटची कधी भरली?
महाराष्ट्रात नोंदणी असेल तर बहुधा दोन कायदे लागतील: संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. पहिल्याचं कलम १५ वाचा. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला त्या वेळी मतदानाचा हक्क नाही आणि सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. तुमचं नाव वगळायला हेच कारण दिलं जाईल. तसं असेल तर भांडण्यात अर्थ नाही.

रानहळद
नोंदणी पुण्याची. थकबाकीचा प्रश्नच येत नाही, मी आजीव आहे.

जुना_विश्वस्त
आजीव कधीपासून? यादीत तुमचं नाव आजीवमध्ये नाही की वार्षिकमध्येही नाही?

रानहळद
कुठेच नाही. आधी वार्षिक होते. २०१८ च्या अधिवेशनात नोंदणीच्या टेबलावर आजीव वर्गणी भरली, डिमांड ड्राफ्टने. तेव्हापासून नियतकालिक घरी येतंय, म्हणून कधी शंकाच आली नाही.

सह्यकन्या
मग झालं काय ते उघड आहे. टेबलावर पैसे घेतले, वार्षिक नोंद बंद केली आणि आजीव नोंदवहीत चढवायचं राहिलं. आमच्याकडेही अधिवेशनाच्या गर्दीत असंच व्हायचं. पावती शोधा, दुसरं काही करू नका.

प्राध्यापक_लातूर
मॅडम, एक शंका. कार्यकारिणीवर निवडून आल्याचे पदोन्नतीला गुण मिळतात का? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१० च्या एपीआयमध्ये, म्हणजे पदोन्नतीच्या गुणपद्धतीत, दुसऱ्या वर्गात व्यावसायिक विकासाखाली संघटनांचं सदस्यत्व धरायचे, त्या गटाला कमाल १५ गुण होते. २०१८ च्या नियमांनी सगळं बदललं. तुम्ही उभं राहायच्या आधी हे तपासलं का? नाहीतर इतका वेळ घालवून हाती काही लागत नाही.

सह्यकन्या
सर, त्यांनी गुणांचं विचारलेलंच नाही. आणि गुणांसाठी कार्यकारिणीवर येणाऱ्यांमुळेच संस्था बसतात. आमच्या विषयाच्या संस्थेत सात वर्षं असे लोक पाहिले. बैठकीला येतात, सही करतात, प्रमाणपत्र मागून घेतात. नियतकालिकाचे अंक दोन-दोन वर्षं रखडतात, त्याचं कोणाला काही नाही.

प्राध्यापक_लातूर
मी स्वतःसाठी विचारलं नव्हतं. तरुण प्राध्यापकाला महाविद्यालयातून ड्यूटी लीव्ह मिळवताना काय काय ऐकावं लागतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझा प्रश्न कळेल. लातूरहून पुण्याच्या बैठकीला यायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, सकाळी बैठक, परत रात्रीचा प्रवास. त्याची दखल कुठेतरी घेतली जावी एवढंच म्हणणं आहे.

सह्यकन्या
हे मात्र पटलं. माझं बोलणं तुम्हाला उद्देशून नव्हतं.

गणिती
एक वेगळा मुद्दा. वैज्ञानिक संस्थेच्या निवडणुकीत चुरस असणं हे लाजिरवाणं मुळीच नाही. १८३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदासाठी एकीकडे जॉन हर्शेल आणि दुसरीकडे राजाचा भाऊ ड्यूक ऑफ ससेक्स. हर्शेलसारखा खगोलशास्त्रज्ञ १११ विरुद्ध ११९ मतांनी हरला. फक्त आठ मतं! पण त्या पराभवानंतर सुधारणेची मागणी थांबली नाही आणि १८४७ मध्ये वर्षाला पंधराच नवे फेलो (सभासद) निवडायचे असा नियम झाला. त्यामुळे हळूहळू ती संस्था खऱ्या अर्थाने वैज्ञानिकांची झाली. तेव्हा ताई, हरलात तरी उभं राहणं वाया जात नाही.

केदार७७
हे सगळं प्राध्यापकांपुरतंच का असतं? सामान्य माणसाला अशा संस्थांमध्ये जागा नसते.

गणिती
असं नाही. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ साली स्थापन करणारे व्ही. रामस्वामी अय्यर हे तेव्हा (आजच्या आंध्र प्रदेशातल्या) गुत्तीचे डेप्युटी कलेक्टर होते. गणिताची पुस्तकं आणि नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, ती वर्गणी काढून मागवावीत आणि सभासदांत फिरवावीत, इथून त्या संस्थेची सुरुवात झाली. तिचं ग्रंथालय पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात होतं. पुढे १९१० मध्ये नोकरीच्या शोधात असलेले रामानुजन आपली वही घेऊन याच अय्यरांना भेटले होते.

रानहळद
माहिती छान आहे, पण माझ्याकडे तीन दिवस आहेत. कृपया अर्जाबद्दल बोलू या का?
पावती सापडली! त्या अधिवेशनाचा बिल्ला आणि कार्यक्रमपत्रिका ठेवलेल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होती. कार्बनची निळी प्रत आहे. 'आजीव वर्गणी' असं स्वच्छ लिहिलंय, ड्राफ्टचा क्रमांक आहे, तेव्हाच्या खजिनदारांची सही आहे. फक्त 'सभासद क्रमांक' पुढची जागा रिकामी आहे.

जुना_विश्वस्त
मग तुमची बाजू भक्कम आहे. आता क्रमाने करा. आजच सचिव आणि निवडणूक अधिकारी दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पावतीची प्रत पाठवा आणि 'मतदारयादीत दुरुस्ती करून पुरवणी यादी प्रसिद्ध करावी' असं स्पष्ट मागा. तेच पत्र स्पीड पोस्टानेही टाका. उमेदवारी अर्ज मात्र यादी दुरुस्त होण्याची वाट न पाहता मुदतीत द्या आणि पोच घ्या. मुदतीत अर्जच नसेल तर पुढे कोणीही काही करू शकत नाही. आणि सूचक-अनुमोदकांची नावं यादीत आहेत का, तेही पाहा. तिथेच बरेच अर्ज पडतात.
त्यानंतरही ऐकलं नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे जायचं. निवडणूक झाली की नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत दाखल करावा लागतो. तिथे हरकत घेता येते.

सह्यकन्या
काका, धर्मादाय आयुक्तांचं नाव पहिल्याच पत्रात नको. वैज्ञानिक संस्था आहे, ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच शेजारी पुढच्या परिषदेत बसायचं असतं. एकदा प्रकरण तिथे गेलं की वर्षानुवर्षं बदल अर्ज पडून राहतो, बँक खात्यावरच्या सह्या बदलत नाहीत, विद्यार्थ्यांची प्रवासमदतही अडकते. माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

जुना_विश्वस्त
मी पहिल्या पत्रात लिहा म्हटलेलं नाही. पण शेवटी तो रस्ता आहे हे उमेदवाराला माहीत हवं. नाहीतर 'राहू दे' म्हणत लोक सोडून देतात आणि तीच सात माणसं बिनविरोध येत राहतात.

बोस्टनकर
इथल्या बऱ्याच वैज्ञानिक संस्थांत एक नामनिर्देशन समितीच उमेदवार ठरवते आणि त्याबाहेर कोणाला उभं राहायचं असेल तर सभासदांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. उमेदवारांची निवेदनं मतपत्रिकेसोबत सगळ्यांना जातात. प्रचार जवळजवळ नसतोच, म्हणून त्या निवेदनावरच मत पडतं. ते गांभीर्याने लिहा.

रानहळद
ईमेल पाठवला, पत्रही टाकलं. सूचक यादीत आहेत. अनुमोदक मात्र नाहीत, त्यांची वार्षिक वर्गणी जानेवारीपासून राहिली आहे! बरं झालं सांगितलंत. दुसऱ्या मॅडमची सही घेते आहे.
निवेदनाचा मसुदा इंग्रजीत आहे, त्याचा मथितार्थ इथे देते:
"मी २२ वर्षं वनस्पती वर्गीकरणात काम करते आहे. माझे इतके शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. मी इतक्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं. मला संधी मिळाल्यास संस्थेच्या सर्वांगीण विकासासाठी प्रयत्नशील राहीन."

सह्यकन्या
ताई, स्पष्ट बोलते. हे निवेदन वाचून मी मत देणार नाही. यातून तुम्ही कोण ते कळतं, पण उभ्या का राहताय ते कळत नाही. शोधनिबंध सगळ्यांचेच असतात. तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते लिहा.

रानहळद
खटकतं ते सांगते. आमचं नियतकालिक वेळेवर निघत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने नवी जात शोधून काढली, वर्णन पाठवलं, तर ते छापून येईपर्यंत त्याचं मन उडून जातं. दुसरं, तालुक्याच्या गावी जे प्राध्यापक एकटे वर्गीकरण शिकवतात, त्यांच्या महाविद्यालयांच्या हर्बेरियमकडे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाकडे) कोणी पाहत नाही. गेल्या वर्षी एका महाविद्यालयात गेले होते. कपाट उघडलं तर सत्तरच्या दशकातल्या, वनस्पती चिकटवलेल्या शीट्स होत्या. लेबलवर शाईने गाव, ओढा, तारीख सगळं सुंदर अक्षरात लिहिलेलं. आणि पानांचा भुगा झालेला. बोट लावलं की पूड हाताला येत होती. डांबरगोळ्यासुद्धा कोणी ठेवल्या नव्हत्या. ते प्राध्यापक निवृत्त झाल्यापासून कपाटाची किल्लीच हरवली होती म्हणे. संस्थेने अशा संग्रहांची नुसती यादी केली असती, तरी त्यातलं बरंच वाचलं असतं.

सह्यकन्या
हेच लिहा! जसंच्या तसं. ते कपाट आणि ती किल्ली पहिल्या परिच्छेदात. मग तीन कामं सांगा: अंक किती महिन्यांत काढणार, संग्रहांची यादी कशी करणार, लेखापरीक्षित हिशेब सभासदांना कुठे दिसणार. दोनशे शब्दांत बसतं.

गणिती
मतदानाची पद्धत पाहिलीत का? सात जागा आणि प्रत्येकाला सात मतं असतील, तर पॅनेलच्या मागे ५५ टक्के लोक असले तरी सातही जागा त्यांच्या होतात. तुम्ही एकट्या आहात. सातही मतं देणं सक्तीचं नसेल, तर तुमच्या समर्थकांनी फक्त तुम्हाला मत देऊन बाकीची सहा कोरी ठेवली तर फरक पडतो. कारण एरवी ती सहा मतं तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनाच जातात. पण काही नियमावलींत कमी मतं दिली तर मतपत्रिका बाद होते. आधी वाचा.

आस्थापना_नागपूर
सगळे प्रतिसाद वाचले. एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही. बाई, तुम्ही नोकरी कुठे करता?

रानहळद
केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिकवतेही. त्याचा इथे काय संबंध?

आस्थापना_नागपूर
तोच मुख्य संबंध आहे. मी ३१ वर्षं आस्थापना विभागात होतो. तुम्हाला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू असतील तर नियम १५ काढून वाचा. पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही संस्थेत निवडणुकीने मिळणारं पद धारण करता येत नाही, आणि अशा पदासाठी उमेदवाराचा प्रचारही करता येत नाही. वैज्ञानिक किंवा साहित्यिक संस्थेच्या व्यवस्थापनात भाग घ्यायला त्याच नियमात सूट आहे, पण ती सूट देतानाच 'निवडणुकीचं पद नसेल तर' असं स्पष्ट म्हटलं आहे. वैज्ञानिक संस्था आहे, मानद काम आहे, म्हणून चालेल असं समजून लोक इथेच चुकतात.

प्राध्यापक_लातूर
मी दोनदा कार्यकारिणीवर होतो, मला कोणी काही विचारलं नाही.

आस्थापना_नागपूर
सर, तुमचं अनुदानित खाजगी महाविद्यालय असेल. तुम्हाला विद्यापीठाचे आणि शासनाचे नियम लागतात. यांना केंद्राचे. दोन्ही एक नाहीत.

जुना_विश्वस्त
पण नियमात 'धारण करणं' म्हटलंय ना? अर्ज भरणं म्हणजे पद धारण करणं नव्हे. अर्ज भरू द्या, निवडून आल्यावर परवानगी घेतील.

आस्थापना_नागपूर
आणि परवानगी नाकारली तर? निवडून आलेल्या बाईंना राजीनामा द्यावा लागेल आणि ती जागा रिकामी पडेल. शिवाय मधल्या काळात मतं मागितली तर तोही प्रश्न येतो. बाई, आजच संचालकांच्या नावे अर्ज करा, विभागप्रमुखांमार्फत. संस्थेचे उद्देश, पद मानद असल्याचं, वर्षात किती बैठका होतात ते आणि कार्यालयीन कामात अडथळा येणार नाही अशी हमी, एवढं एका पानात. सोबत संस्थेच्या घटनेची (नियमावलीची) प्रत जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि प्रचाराला कार्यालयाचा ईमेल वापरू नका.

रानहळद
हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्याकडचे दोन वरिष्ठ आधी कार्यकारिणीवर होते, त्यांनी कधी उल्लेख केला नाही. आज शनिवार. सोमवारी सकाळी साडेनऊला आस्थापनेत जाते.

रानहळद
सोमवार रात्र. सगळ्यांसाठी लिहिते. सकाळी परवानगीचा अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. तिथल्या कारकून बाईंनी फाइल दुपारीच वर पाठवते म्हणून सांगितलं. उमेदवारी अर्ज चार वाजून दहा मिनिटांनी निवडणूक अधिकाऱ्यांच्या हातात दिला, पोच घेतली. 'सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी मागितली आहे' असं त्यावर मीच लिहिलं. अधिकाऱ्यांनी पावती नीट पाहिली, भिंगाखाली धरून ड्राफ्टचा क्रमांकही वाचला. सातच्या सुमारास पुरवणी यादी ईमेलवर आली. माझ्यासोबत आणखी अकरा नावं आहेत, सगळी त्याच अधिवेशनातली. अर्जांची छाननी गुरुवारी. परवानगी त्याआधी येईल की नाही सांगता येत नाही. निवेदन कपाटापासूनच सुरू केलं.

आस्थापना_नागपूर
उत्तम. बुधवारी दुपारी फाइल कुठे आहे ते स्वतः जाऊन विचारा. फोनवर विचारू नका.

सह्यकन्या
अकरा नावं! म्हणजे त्या टेबलावरची सगळीच राहिली होती. मी पण माझी २०१२ ची पावती शोधायला घेतली आहे. अजून सापडली नाही. जुन्या पासबुकातली ड्राफ्टची नोंद चालेल का, कोणी सांगेल का?