घरातलं वायरिंग, जॉइंट आणि भिंतीतल्या भानगडी: तुमचे अनुभव लिहा

घराचं वायरिंग नव्याने चालू आहे आणि वायरमनशी रोज एकच वाद. तो म्हणतो वायर कमी पडली की जोड देऊन, टेप मारून भिंतीत बुजवायचं, काही होत नाही. मी म्हणतेय जोड झाकण उघडता येणाऱ्या जंक्शन बॉक्समध्येच हवा. ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांचा धंदाच हा आहे त्यांनी लिहा. "लायसनवाला बोलवा" एवढंच नको, तो बोलावलेलाच आहे :)

---

ताई, तुमचंच बरोबर. आमच्या हॉलमध्ये एका प्लगच्या वर भिंत कोमट लागायची, सगळे म्हणायचे ऊन येतं तिथे. भिंत फोडली तर आत पिळलेला जोड, टेप जळून कोळसा, आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडलेला नव्हता. कसा पडणार, ढिल्या जोडातून जास्त करंट जातच नाही ना, जातो तेवढाच, फक्त त्या जागी तापतं. 10 अँपिअर चालू असेल आणि जोडाचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरला तर 50 वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत, प्लास्टरच्या आत. बॉक्समध्ये असता तर निदान उघडून बघता आला असता.

---

मी याच लाइनीत आहे म्हणून लिहितो. मल्टिस्ट्रँड, म्हणजे बारीक तारांची, वायर स्क्रूखाली नुसती पिळून कोंबतात, अर्ध्या तारा बाहेर. त्यावर काही हुशार मंडळी टोकाला सोल्डर लावतात, दिसायला छान, पण सोल्डर मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जातं आणि कनेक्शन आपोआप सैल होतं. त्यापेक्षा टोकाला फेरूल (धातूची बारीक नळी) घालून क्रिम्पिंग करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवा, मग वायर हाताने ओढून बघा, निघाली तर परत करा.
जुन्या घरात अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडायची नाही म्हणजे नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात, ओल असेल तर गंजही चढतो. त्यासाठी असलेला, दोन धातू जोडणारा बायमेटल कनेक्टरच वापरा.

---

आमच्याकडे स्वीच न्यूट्रलवर टाकलेला निघाला. दिवा बंद, तरी होल्डरमध्ये फेज, म्हणजे चालू वीज. बल्ब बदलताना कळलं, नशीब हातात टेस्टर होता.

---

टेस्टरवर फार भिस्त नको हां. शेजारून चालू वायर जात असेल तर बंद वायरवरही तो मंद पेटतो, आणि टेस्टरच खराब असेल तर चालू वायरवरही पेटत नाही, ते जास्त वाईट. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग मेन बंद करून आपल्या वायरवर, आणि मीटर शाबूत आहे ना हे बघायला मेन लावून परत चालू पॉइंटवर; वायरला हात लावताना मेन बंदच.

---

आमचा किस्सा वेगळा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला आणि बाथरूमचा दिवा लावला की तो पडायचा. आधीचा माणूस म्हणाला आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू. दुसऱ्याला बोलावलं, त्याने दिव्याचा न्यूट्रल शोधत शोधत नेला तर तो दुसऱ्याच सर्किटला, आरसीसीबीच्या बाहेर जोडलेला! जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसला नाही की आरसीसीबी पडतो, त्याचं कामच ते. बिचाऱ्याला उगाच शिव्या.

---

पाइपबद्दल कुणी लिहिलंच नाही. पाइपात वायरी ठासून भरू नका, साधारण 40 टक्के जागा भरली की बास, नाहीतर ओढताना इन्सुलेशन सोलतं आणि आत उष्णता साठते. बेंड कमी ठेवा. पाइप सरळ उभे किंवा आडवे न्या, तिरके नकोत, पुढे खिळा ठोकणाऱ्याला अंदाज तरी येतो. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो, मोजपट्टी लावून. घरचे हसतात, हसू देत.

---

सगळे मस्त लिहिताय! एक शंका: 2.5 स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) वायरच्या लाइनवर 16 अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो, वायरमन म्हणतो 32 चा टाकतो.

---

अहो अजिबात नको!! एमसीबी वायर वाचवायला असतो. 2.5 च्या वायरवर 32 चा टाकला तर वायर आधी तापेल, एमसीबी बघत बसेल. त्या लाइनवर गीझर नि एसी दोन्ही आहेत का? मग दोन्हीला बोर्डापासून वेगळी लाइन घ्या, भिंत उघडीच आहे तोवर.