माळ्यावर ३७ प्रबंध पडून आहेत, त्यांचं काय करू?

बाइंडर_काका:
राम राम मंडळी. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे दिवाळीपर्यंत आहे, नंतर गाळा सोडतोय. गुडघे बोलायला लागलेत आणि धंदाही उरला नाही. २०२२ ला एम.फिल. बंद झालं तिथंच निम्मं गिऱ्हाईक गेलं. पीएचडीवाले आता पेन ड्राइव्हवर काम भागवतात, हौसेपुरत्या एकदोन प्रती बांधून नेतात.

तर माळा रिकामा करताना पोत्यात गुंडाळलेले ३७ प्रबंध निघाले. पोरं पाच प्रती सांगायची, चार न्यायची. 'पाचवीचे पैसे आणून देतो काका' म्हणून गेलेला परत येत नसतो. रद्दीवाल्याला बोलावलं, त्याने काट्यावर टाकले, ४१ किलो भरले. पैसे मोजायला लागला तसा माझा हात आखडला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी शिकलो दहावीपर्यंत. पण ३१ वर्षं हे बांधताना पानं लावावी लागतात, आणि पानं लावताना डोळा जातोच. मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं, त्याच्या पुण्याईने एसटीचे कंडक्टर आणि पोलीस हवालदार माझ्याकडे प्रकल्प घेऊन यायला लागले. १९९८ ला आरोग्य विद्यापीठ झालं, मग डॉक्टर मंडळी आली. त्यांचे तक्ते आडवे असायचे आणि घाई उभी. माळ्यावरच्या ढिगात रामकुंडाच्या पाण्याचे नमुने तपासलेला आहे, पेठ-सुरगाण्याच्या लहान मुलांची वजनं घेतलेला आहे, जात्यावरच्या ओव्यांचा आहे, येवल्याच्या विणकरांचा आहे. एका पोरीने नाटकाच्या नेपथ्याची चित्रं बांधायला दिली होती, त्यात शेवटच्या पानावर प्रयोगाचं फाटकं तिकीट. हा काय शोधनिबंध म्हणायचा का, असं मी तेव्हा विचारलं होतं. ती म्हणाली, काका, हाच माझा पेपर.

एकच जरा नीट सांगतो. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांवरचा आहे. त्यात पान ६३ वर त्या मुलाने खरं टेंभुर्णीचं पान चिकटवलंय. पत्र्याचा साचा ठेवून बायका जसं कापतात तसं कापलेलं. खाली पेनाने लिहिलंय, हे पान कापायला अमुक बाईंना किती वेळ लागला. पुढच्या पानावर वळलेली विडी, दोऱ्यासकट. आता असं काही मधे आलं की पुस्तक कडेला फुगतं, पाठ बारीक आणि तोंड आ वासलेलं. मग मी पाठीकडून जाड कागदाच्या पट्ट्या घातल्या, तेवढी जाडी भरून काढली, तेव्हा कुठे प्रेसमध्ये सपाट बसला. दोन रुपये जास्त लावले होते. त्याने दिले नाहीत, कारण तो आलाच नाही. पुस्तक उघडलं की अजून तंबाखूचा वास येतो.

हे कुणाला द्यायचं? एका विद्यापीठाच्या खिडकीवर दोन प्रती घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसाने विचारलं, 'तुम्ही उमेदवार की मार्गदर्शक?' मी म्हटलं बाइंडर. तर म्हणे, बाइंडरसाठी रकाना नाही.

ग्रंथपाल_बाई:
काका, रद्दीवाल्याला परत पाठवलंत ते फार बरं केलंत. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात २० वर्षं काढली, म्हणून सांगते.

पीएचडीच्या प्रबंधांची काळजी आता बऱ्यापैकी मिटली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून सॉफ्ट कॉपी देणं आलं, आणि ती 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढते. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे आयोगाचंच केंद्र ते चालवतं. कुणीही फुकट वाचू शकतं. तुमच्या ३७ पैकी जे पीएचडीचे असतील ते आधी तिथे शोधा. देवनागरीत शोधून मिळालं नाही तर शीर्षक किंवा नाव रोमन अक्षरांत टाकून बघा. आपल्याकडचे जुने मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप झालेले असतात, नाहीतर नुसते स्कॅन असतात. पान डोळ्यांना दिसतं, पण यंत्राला त्यातला शब्द सापडत नाही. प्रबंध असूनही नसल्यासारखा.

खरी अडचण एम.फिल., एम.ए.चे लघुप्रबंध आणि प्रकल्प यांची. त्यांच्या मोजक्या प्रती. एक विभागात, एक मार्गदर्शकांच्या घरी, एक विद्यार्थ्याच्या सासरी. विभागातल्या कपाटाला वाळवी लागली की संपलं. आणि नाशिक जिल्ह्याच्या बारीकसारीक गोष्टी नेमक्या याच कामांत असतात, कारण मुलांकडे लांब जायला ना पैसे होते ना वेळ. पोरं आपल्याच तालुक्यात हिंडली.

दोन सूचना. एक, स्कॅन करून नेटवर टाकू नका. लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याचा, तो हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं. छापील प्रत ग्रंथालयाला द्यायला हरकत नाही. दोन, विडीचं पान काढून घेऊ नका, पाकिटातही घालू नका. मधे साधा बिनआम्लाचा कागद ठेवा आणि पुस्तक आडवं ठेवा, उभं नको.

नेपथ्याच्या चित्रांना कुठल्याच नियमात जागा नाही हो. आमच्याकडेही अशा वह्या 'इतर' म्हणून पडून असायच्या.

रोखठोक:
एवढा उमाळा कशाला? निम्मे प्रबंध दुसऱ्या निम्म्यांवरून उतरवलेले असतात. ४१ किलोचे पैसे घ्या आणि मिसळ खाऊन या.

बाइंडर_काका:
रोखठोक भाऊ, उतरवलेले असतात हे मला तुमच्याहून जास्त माहीत. एका मुलाच्या ऋणनिर्देशात 'माझ्या पूज्य सासूबाईंच्या आशीर्वादाने' असं होतं. मुलाचं लग्न झालेलं नव्हतं. मी दाखवलं तर म्हणाला, राहू द्या काका, सर वाचत नाहीत. सोनेरी अक्षरांत सरांचं नाव मात्र स्वतःच्या नावापेक्षा एक टाइप मोठं घ्यायला लावलं.

पण उतरवलेलं हाताला कळतं. तशा प्रबंधात फोटो नसतात, चिकटवलेलं काही नसतं, पानं एकसारखी, झटपट शिवून होतात. या ३७ मधले तसले ९ मी वेगळे काढलेत. त्यांची मिसळ खाऊ आपण, तुम्हीही या.

ग्रंथपाल_बाई:
काकांची कसोटी आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा बरी दिसते. आयोगाच्या २०१८ च्या उचलेगिरीविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण शब्द फिरवून लिहिलं की यंत्र गप्प बसतं. सासूबाई काही त्याला सापडल्या नसत्या.

निफाडकर:
मी कृषीचा विद्यार्थी होतो, म्हणून जरा वेगळं सांगतो. विद्यापीठाचं काम म्हणजे बांधलेला प्रबंध एवढंच धरून चालू नका. राहुरीचं कृषी विद्यापीठ १९६८ चं, आणि आमच्या निफाडचं कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र त्याच्याच अखत्यारीत. तिथे निघालेल्या वाणांची नावं बघा: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, पंचवटी. त्र्यंबकचा क्रमांक एनआयएडब्ल्यू ३०१. यातलं एनआय म्हणजे निफाड. वेळेवर पेरणी आणि पुरेसं पाणी असलं तर त्र्यंबक, पाणी कमी असलं तर नेत्रावती, हे आमच्या वडिलांना तोंडपाठ होतं. एकाही प्रबंधाचं नाव त्यांना सांगता आलं नसतं.

एक वाण उभं राहायला कित्येक हंगाम लागतात. संकर करायचा, ओळी वेगळ्या काढायच्या, तांबेरा कुठल्या ओळीवर येत नाही ते बघायचं. त्यात एमएस्सीच्या कितीतरी पोरांनी ओंब्या मोजलेल्या असतात. मीही मोजल्यात, मार्चच्या उन्हात, टोपी विसरून. वाण पिशवीत जाऊन गावोगाव पोचतं आणि ओंब्या मोजणाऱ्याचा प्रबंध कपाटात राहतो. काका, तुमच्याकडे शेतीचा एखादा असेल तर 'कृषिकोश'वर बघा, कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात.

गढीवरचा:
आम्ही जुन्या गढीजवळ राहतो. पावसाळ्यात गढीचा कडा ढासळतो, तेव्हाच पेपरवाले येतात. पण १९५०-५१ ला इथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी खोदकाम केलं होतं. नाशिक आणि जोर्वे असा दोन्हींचा एकत्र अहवाल १९५५ ला छापून आला, आणि ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीचं नाव संगमनेरजवळच्या त्या गावावरूनच पडलं. तो छापला गेला म्हणून आज माझ्यासारख्या माणसाला कळतं की घराखाली काय काय आहे. कडा तर दरवर्षी थोडा थोडा नदीत चाललाय.

काका, रामकुंडाच्या पाण्याचा प्रबंध कुठल्या वर्षीचा? सिंहस्थाच्या आधीचा की नंतरचा? मला बघायचाय. आणि टिळकपथावरच्या सार्वजनिक वाचनालयात विचारलंत का? १८४० पासूनचं आहे, नाशिकचं काही असेल तर निदान ऐकून तरी घेतील.

बाइंडर_काका:
सगळ्यांचे आभार. पाण्याचा प्रबंध खाली काढून पाहिला. २००३ च्या सिंहस्थातलाच आहे. पर्वणीच्या आधी, पर्वणीच्या दिवशी आणि नंतर, असे तीनदा नमुने घेतलेत. पर्वणीच्या दिवशी बाटली भरताना पोलिसाने काठी उगारली, असं तळटीपेत लिहिलंय. आकडे मला कळत नाहीत, तळटीप कळली.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे शोधायला सोपं जावं म्हणून यादी करायला घेतली आहे. नातीने मोबाइलवर तक्ता करून दिला: नाव, विषय, वर्ष, विद्यापीठ. मी एक रकाना वाढवला, 'आत काय चिकटवलंय'. २८ पैकी ११ मधे काही ना काही निघालं. ओव्यांच्या प्रबंधात मागच्या खिशात कॅसेट आहे. तो खिसा मीच केला होता, हे विसरूनच गेलो होतो. घरात टेप चालू नाही. कुणाकडे असेल तर सांगा.

शोधगंगेवर आतापर्यंत चार सापडले. विडीवाला सापडला नाही, एम.फिल.चा आहे. त्याच्या पहिल्या पानावर सिन्नरचा पत्ता आहे. पुढच्या सोमवारी एसटीने जाऊन बघतो, माणूस भेटला तर प्रत त्याचीच. दोन रुपये मागणार नाही.

बाकीचे बघायला यायचं असेल तर रविवारी १० ते १ दुकानात आहे. शटर अर्धं खाली असतं, वाकून या.