१७५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर १०० गिगाबिटचे लाइन कार्ड कसे चालते?

प्रश्न
नमस्कार. ऑप्टिकल नेटवर्कमधील १०० गिगाबिट वर्गाच्या ओटीयू-४ सिग्नलचा वेग सेकंदाला सुमारे १११.८१ गिगाबिट असतो, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम ९ पिकोसेकंद येतात. लाइन कार्डवरील फ्रेमर चिपचे (सिग्नलमधील फ्रेम, म्हणजे ठरावीक आकाराचे गठ्ठे, हाताळणारी चिप) क्लॉक मात्र एका आराखड्यात १७५ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसले. इतक्या संथ क्लॉकवर प्रत्येक बिट तपासला कसा जातो आणि चुका दुरुस्त कशा होतात?

उत्तर १
आपण १७५ला ६४०ने गुणून पाहावे. सरडेस (एकामागून एक येणारे बिट समांतर करणारे सर्किट) हा वेगवान प्रवाह उलगडून ६४० बिटांच्या रुंद बसवर, म्हणजे समांतर तारांच्या समूहावर, मांडतो, त्यामुळे क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ८० बाइट एकदम पुढे सरकतात. अशा सिग्नलची रचना ठरवणाऱ्या जी.७०९ मानकाच्या फ्रेममध्ये ४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४०८० बाइट असतात, म्हणून एक ओळ नेमकी ५१ ठोक्यांत बसते. मला या रचनेतील सर्वांत सुंदर भाग पुढचा वाटतो: ओळीतील बाइट, पत्ते वाटावेत तसे, प्रत्येकी २५५ बाइटच्या १६ कोडशब्दांमध्ये (माहिती आणि चूक दुरुस्तीचे जादा बाइट यांच्या गटांमध्ये) क्रमाने वाटलेले असतात, त्यामुळे चुका दुरुस्त करणारे १६ डिकोडर शेजारी शेजारी चालतात आणि प्रत्येकाला ठोक्याला ५ बाइटच पाहावे लागतात. एका कोडशब्दातील ८ चुकीच्या बाइटांपर्यंत दुरुस्ती होते. वाटणीमुळे सलग १२८ बाइट बिघडले तरी, त्या ओळीत दुसरी चूक नसल्यास, ते सावरता येतात.

उत्तर २
वरील उत्तर योग्य आहे, परंतु फ्रेमची सुरुवात शोधल्याशिवाय यातील काहीच सुरू होत नाही. ओटीयू-४ अनेकदा २० तार्किक मार्गिकांवर विभागून येतो. तेव्हा ठोक्याला प्रत्येक मार्गिकेचे ३२ बिट मिळतात आणि फ्रेमच्या सुरुवातीची ओळखखूण त्यांपैकी कोणत्याही बिटापासून सुरू झालेली असू शकते, म्हणून ३२ शक्यता एकाच वेळी पडताळल्या जातात. ही खूण बाकी फ्रेमसारखी स्क्रॅम्बल केलेली (ठरावीक पद्धतीने बिट विस्कटलेली) नसते ती याचसाठी. त्यानंतर मार्गिकांमधील वेळेचा फरक बफरमध्ये भरून काढला जातो, आणि मगच डिस्क्रॅम्बलर व डिकोडर यांची पाळी येते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बस आणखी रुंद केल्यास विलंबही कमी होईल का?

उत्तर १
फारसा नाही. कोडशब्दाचे शेवटचे बाइट ओळीच्या शेवटीच येतात, त्यामुळे चूक कोठे आहे हे ठरवण्यापूर्वी डिकोडरला पूर्ण ओळीची, म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रोसेकंद, वाट पाहावीच लागते. बसच्या रुंदीने हा काळ बदलत नाही, कारण तो रेषेच्या वेगावर ठरतो.