स्टेरॉइडचं मलम: घाबरत लावणारे जास्त फसतात की बिनधास्त फासणारे?

रानवाट
मुलगा सहा वर्षांचा. दोन वर्षांचा असल्यापासून इसब आहे. कोपराच्या आतली घडी आणि गुडघ्यामागची खळगी, या ठरलेल्या जागा. डॉक्टरांनी मलम दिलं, त्यात स्टेरॉइड आहे हे घरी येऊन खोक्यावर वाचलं आणि तिथूनच आमचं बिनसलं. मलम लावायचो, पण जीव मुठीत धरून. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका घ्यायचा, तोच दोन्ही कोपरांना पुरवायचा, लाली जरा फिकी झाली की ट्यूब कपाटात. चार दिवसांनी खाज परत, पुन्हा ठिपका. अशी दोन वर्षं काढली. रात्री पोरगं झोपेत खाजवायचं आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक डाग.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी समोर बसवून माप दाखवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची पट्टी काढायची. ते झालं साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, जेवढी जागा झाकतात तेवढीला ते पुरतं. मी त्याच्या पाव हिश्शाएवढंसुद्धा लावत नव्हतो. त्या म्हणाल्या, "रोज एकदाच लावा, पण पूर्ण लावा. आणि लाली गेली म्हणून थांबू नका. डोळे मिटून बोट फिरवा. खरखर लागत नाही, तेव्हा थांबा." नऊ दिवस लागले. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस, चट्टा दिसत नसला तरी, त्याच जागांवर. गेल्या सहा महिन्यांत जेवढं मलम संपलं ते आधीच्या घाबरट सहा महिन्यांपेक्षा कमी आहे.

म्हणून माझं मत असं, की स्टेरॉइडपेक्षा स्टेरॉइडची भीतीच जास्त नडते. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड मलमातून कातडीवर वापरून दाखवलं, तेव्हापासून हे औषध वापरात आहे. 'कातडी पातळ होते' हे वाक्य सगळ्यांना पाठ. कुठलं स्टेरॉइड, कुठल्या जागी, किती दिवस, हे कोणी विचारत नाही. स्टेरॉइडच्या जोराची शिडी धरली, तर हायड्रोकॉर्टिसोन तिच्या तळाशी आणि क्लोबेटासोल सगळ्यात वरच्या पायरीवर. दोघांना एकच नाव देऊन सारखंच घाबरायचं, याला काय अर्थ आहे?

जाता जाता: कामावरच्या मित्राला जांघेत खाज होती. माझ्या हाताच्या इसबाची जुनी ट्यूब पडून होती (जरा जोरकस आहे), ती त्याला दिली. दोन दिवसांत आराम. लोक उगाच बाऊ करतात.

काटकोन
शेवटच्या चार ओळी लिहिल्या नसत्या तर तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो.

जांघेतली खाज म्हणजे पुष्कळदा गजकर्ण. ती बुरशी आहे. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं म्हणून लाली उतरते, दाह दाबतं म्हणून खाज थांबते, आणि बुरशीशी झगडणारी कातडीची स्वतःची फौजही त्याच वेळी झोपी जाते. वरून शांत, आतून बुरशीला रान मोकळं. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स यांनी याला नावच दिलं, 'टिनिया इन्कॉग्निटो'. वेषांतर केलेलं गजकर्ण म्हणा. एरवी गजकर्ण ओळखायला सोपं: कडा उठलेली, खवल्यांची, मध्ये साफ. स्टेरॉइड लागलं की कडा पुसट होते, नाहीतर वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ उगवतं. मग बघणाऱ्यालाही कळत नाही हे नक्की काय आहे.

दुसरी चूक जागेची. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन कुठल्या जागेतून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं, तर कपाळाला ६, जबड्याच्या कोपऱ्याला १३ आणि अंडकोशाच्या कातडीला ४२. तळपायाला मात्र फक्त ०.१४. म्हणजे तुमच्या हाताला जे 'जरा जोरकस' होतं ते त्या बिचाऱ्याच्या जांघेत काय असेल, करा हिशोब.

रानवाट
अहो, पण त्याला बरं वाटलं ना. बुरशीच असती तर वाढली नसती का?

काटकोन
वाढायला दोन दिवस थोडे झाले. पंधरा दिवसांनी विचारा त्याला.

सुईदोरा
मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, त्यामुळे दोन्ही जातीचे लोक रोज बघते. बहुतेकांचं वाक्य एकच, "खाजेचं काहीतरी द्या." कुठे आहे विचारलं तर लाजतात. मग मोबाइलवरचा फोटो दाखवतात, तोही हललेला.

त्यांना हवी असते ती तीन औषधांची एक ट्यूब: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध. खाज कशाचीही असो, तिघांपैकी कोणीतरी लागू पडेल असा हिशोब. पहिल्या दोन दिवसांत जो आराम पडतो तो स्टेरॉइडचा. माणसाला वाटतं रोग गेला, आणि बुरशीचं औषध आपलं काम संपवायच्या आत ट्यूब बंद. गजकर्णाचं औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे चालू ठेवायचं असतं, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेलाही लावायचं असतं. हे मी सांगते. ऐकतो दहातला एखादा.

पण रानवाट म्हणतात तेही खरं आहे. चिठ्ठीवर 'पातळ थर लावा' एवढंच लिहिलेलं असतं. पातळ म्हणजे किती? इसबाच्या मुलांचे आईबाप छोटी ट्यूब चार महिने पुरवतात आणि वर मलाच सांगतात, "या मलमाने काही होत नाही."

आणि एक तिसरी गोष्ट तुम्ही दोघेही विसरलात. घरात एकापेक्षा जास्त जणांना खाज असेल, रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुळ्या असतील, तर ती खरूज. तिथे स्टेरॉइडने नुसता गोंधळ वाढतो. ५ टक्के परमेथ्रिन (खरजेचा किडा मारणारं मलम) मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १४ तास ठेवून धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज नसलेल्यांनीही. किडा मेल्यावरही खाज काही आठवडे टिकते. लोकांना वाटतं औषध फुकट गेलं, की मग पुन्हा तीच तीन औषधांची ट्यूब.

पुनश्च
'भीतीच जास्त नडते' हे वाचून दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. आता तिसऱ्यांदा लिहितेय.

मी चेहऱ्याला जोरकस स्टेरॉइड तीन वर्षं लावलं. सुरुवात नाकाशेजारच्या लालसर पट्ट्यापासून. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलं होतं. दोन आठवड्यांत चेहरा असा झाला की कोणीही वळून बघावं. सोडलं की दोन दिवसांत पुरळ. लावलं की साफ. आधी आठवड्यातून एकदा, मग एकाआड एक, मग रोज. तोंडाभोवती बारीक फोड आले, त्यांनाही तेच लावलं, कारण त्यानेही ते दबायचे. गालावर लाल धाग्यांसारख्या शिरा दिसायला लागल्या तेव्हा हातातून ट्यूब सुटली. पुढचे पाच महिने चेहरा पेटलेला. साधं पाणी लागलं तरी भाजल्यासारखं व्हायचं. उशीला कातडीचा भुसा.

याला लोक 'तुझं आधीचंच दुखणं बळावलंय' म्हणायचे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये स्टेरॉइड सोडल्यावर असं होऊ शकतं म्हणून डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही सावध केलं, तेव्हा मला निदान एक कागद दाखवता आला. माझी भीती ऐकीव नाही, एवढंच सांगायचं होतं.

रानवाट
वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तीन वर्षं, रोज, चेहऱ्यावर, जोरकस. हे औषध वापरणं नाही, औषधाचा दुरुपयोग आहे. त्यावरून सहा वर्षांच्या पोराच्या कोपरावरचं नऊ दिवसांचं मलम कसं वाईट ठरतं?

पुनश्च
ठरत नाही. मी तसं म्हटलंच नाही. पण तुम्ही ज्याला दुरुपयोग म्हणताय तो मला आतून तसा कधी दिसलाच नाही. मला तो उपाय दिसत होता. ट्यूब पुन्हा विकत घेताना एकदाही कोणी विचारलं नाही, ही कितवी. तुम्हाला मोजून दाखवणारी बाई भेटली. मला नाही भेटली. तुमच्या मित्रालाही भेटलेली दिसत नाही, त्याला तुम्ही भेटलात.

गमभन
शेवटचं वाक्य 😶

काटकोन
चेहरा, पापण्या, जांघ इथे जास्त दिवस लागणार असेल तर स्टेरॉइड सोडून दुसरा रस्ता आहे, हे इथे कोणीच बोललं नाही. टॅक्रोलिमसचं मलम. अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली. कातडी पातळ करत नाही. पण पहिले काही दिवस लावल्याजागी चुरचुरतं, आणि तेवढ्यात लोक ते फेकून देतात. त्यात २००६ मध्ये तिथल्या नियामकांनी कर्करोगाच्या शंकेचा चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. मलमामुळे तसं होतं हे तेव्हाही सिद्ध झालेलं नव्हतं. म्हणजे या बाबतीत रानवाट बरोबर आहेत, भीतीने एक चांगलं औषध मागे पडलं. फक्त ते औषध स्टेरॉइड नाही.

ओलसुकं
तुम्ही सगळे ट्यूबवरून भांडताय आणि माझं म्हणणं, निम्मं काम मॉइश्चरायझर करतं. इसब म्हणजे मुळात भिंतीला गेलेला तडा. पुष्कळांच्या शरीरात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन धड तयारच होत नाही (त्या जनुकातला दोष २००६ मध्ये सापडला), म्हणून ओलावा बाहेर जातो आणि नको ते आत येतं. तडा बुजवा, मग स्टेरॉइड लागणारच नाही.

काटकोन
'लागणारच नाही' ही उडी झाली. मॉइश्चरायझरने पुन्हा उसळणं कमी होतं, हे मान्य. पण पेटलेल्या चट्ट्यावर नुसतं मॉइश्चरायझर म्हणजे आग लागलेल्या घराला रंग देणं. आणि तडा आधीच बुजवू म्हणून ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. निम्म्या बाळांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावलं. दोन वर्षांच्या वयाला दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं.

ओलसुकं
ते इसब नसलेल्या बाळांमध्ये टाळण्यासाठी होतं. मी इसब असलेल्यांबद्दल बोलतोय. त्यांच्यासाठी २०२२ ची चाचणी बघा: लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम, चारही मुलांवर वापरून पाहिले, फरक पडला नाही. जे पोरगं लावून घेईल ते चांगलं. तेव्हा सगळ्यात भारी डबा शोधत बसण्यात हशील नाही. प्रमाण मात्र बघा, मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम. ग्रॅम वाचा, नजरचूक नाही. बहुतेक घरांत एवढं दोन महिन्यांतही संपत नाही.

आंघोळीच्या पाण्यात टाकायची तेलंबिलं मात्र सोडून द्या. २०१८ मध्ये तीही तपासली गेली, मुलांना वेगळा असा फायदा नाही. टब तेवढा निसरडा होतो.

गमभन
आणि साधं ऑलिव्ह तेल? नैसर्गिक आहे म्हणून बहीण बाळाला चोळते.

ओलसुकं
ऑलिव्ह तेलाने कातडीची भिंत उलट कमजोर होते, मोठ्या माणसांवर तपासलेलं आहे. नैसर्गिक तर खाजकुइलीही आहे.

खपलीबहाद्दर
सोरायसिसवाला हजर आहे, कोणी विचारलं नाही तरी. आमच्याकडे भीती आणि हौस दोन्ही एकाच माणसात असतात. गुडघ्यावर जाड खपली असताना वरून मलम फासणं म्हणजे छपरावर औषध ओतून घरातल्याला बरं करणं. आधी सॅलिसिलिक आम्लाने खपली मऊ करून उतरवा, मग बाकीचं. मला कॅल्सिपोट्रिओल (ड जीवनसत्त्वासारखं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं लागू पडलं. क्लोबेटासोलला सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅम ही हद्द आहे. ती ओलांडून मी एकदा एकदम बंद केलं, तेव्हा सोरायसिस व्याजासकट परत आला. बाकी तुमचं चालू द्या.

रानवाट
(अकरा दिवसांनी) मित्राला फोन केला होता. आधी म्हणाला, "बरं आहे, फक्त थोडं खाली सरकलंय." थोडं म्हणजे जांघेतून मांडीवर, तळहाताएवढं. वर्तुळ आहे का विचारलं, तर म्हणाला दोन आहेत, एकात एक.

त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. त्यांनी पात्याने कडेची कातडी काचेवर खरवडली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकात मलाही बघू दिलं. फिकट, फांद्या फुटलेले धागे, सगळीकडे. मलम कोणी दिलं होतं हे त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

काटकोन, जांघेच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. मुलाच्या कोपराबद्दलचं माझं मत तसंच आहे, त्यावर अजून भांडायला तयार आहे.

काटकोन
कोपराबद्दल मी भांडलोच कुठे? स्टेरॉइड बंद झाल्यावर त्याचं गजकर्ण काही दिवस आधीपेक्षा जास्त लाल दिसेल, खाजही वाढेल. घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडू नको म्हणून त्याला आत्ताच सांगून ठेवा. आणि ती ट्यूब परत घ्या.

रानवाट
सांगितलं. ट्यूब मागितली तर म्हणाला, त्याने ती पुढे मेव्हण्याला दिली आहे.